शब्दांच्या चिठ्ठ्या जमवणारे मास्तर : जेम्स मरे



इंग्रजी शब्दकोशात नवे शब्द आले, अशी बातमी अधूनमधून पेपरात येते. २०२० साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात चाळ, डब्बा आणि आधार हे शब्द गेले. अशी बातमी वाचली की मुलं विचारतात, हे शब्द आत घेतं कोण? याचं उत्तर द्यायचं तर जेम्स मरे यांचं आयुष्य सांगावं लागतं. आणि ते आपल्याच व्यवसायातले, शाळामास्तर होते बरं का!

मरे यांचा जन्म १८३७ चा, स्कॉटलंडमधल्या डेनहोम या खेड्यातला. वडील शिंपी. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पण शिकणं सुटलं नाही. एकामागून एक भाषा ते स्वतःच शिकत गेले. सतराव्या वर्षी हॉविक गावात सहशिक्षक आणि विसाव्या वर्षी मुख्याध्यापक झाले. पुढे पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली आणि पत्नीलाही क्षय झाला. तिला हवा मानवेल म्हणून नोकरी सोडून ते लंडनला आले आणि एका बँकेत कारकून झाले. पत्नी मात्र वाचली नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि १८७० मध्ये मिल हिलच्या शाळेत ते पुन्हा फळ्यासमोर उभे राहिले.

१८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्याशी करार झाला. इंग्रजीतला प्रत्येक शब्द, तो कधीपासून कसा वापरला गेला याच्या पुराव्यासह नोंदवायचा आणि काम दहा वर्षांत संपवायचं. मरेंनी बागेत पत्र्याची खोली उभारली, तिच्या भिंतींना हजारावर कप्पे केले आणि वाचकांना आवाहन केलं : पुस्तकं वाचा आणि चिठ्ठ्या पाठवा. अर्ध्या कागदावर शब्द, पुस्तकाचं नाव, साल, पान आणि ज्या वाक्यात तो आला ते वाक्य. बस, एवढंच. वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या एका डॉक्टरनेही हजारो चिठ्ठ्या पाठवल्या.

इथे एक गंमत झाली, आपल्यालाही ती ओळखीची वाटेल. मुलांना वहीत शब्द लिहायला सांगितले की ती अवघड तेवढेच लिहितात, तसंच या मोठ्या माणसांनीही केलं. 'अब्युजन' या दुर्मिळ शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या, पण रोजच्या 'अब्यूज'च्या पाचही नाहीत! साधे शब्द मग मरे आणि त्यांच्या मदतनिसांना स्वतः हुडकावे लागले.

घरात अकरा मुलं. ती खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावायची. (थोरल्या हॅरल्डने पुढे बुद्धिबळाचा मोठा इतिहास लिहिला आणि हा खेळ मूळचा भारतातला असं मांडलं.) पाच वर्षांनी, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला तो फक्त 'ए' पासून 'ॲन्ट' पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत. पानं ३५२. पुढच्या वर्षी शाळा सोडून ते ऑक्सफर्डला गेले. तिथे शेजाऱ्याच्या तक्रारीमुळे खोली जमिनीत थोडी खाली बांधावी लागली. थंडी आणि ओल कायमची. पत्रं इतकी जायची की घरासमोर खास टपालपेटी बसवली गेली.

मला स्वतःला मरे मोठे वाटतात ते त्यांच्या पद्धतीमुळे. शब्द त्यांना आवडतो की नाही हा प्रश्नच नव्हता. लोकांनी तो वापरला आहे का, आणि कुठे, हे दाखवा, की शब्द आत. आपलं मुंगूसही असंच 'मंगूस' होऊन इंग्रजीत आणि मग या कोशात गेलं.

पण चुका झाल्याच. 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्या आणि तो भाग त्या शब्दाविनाच छापला गेला. 'अपेंडिसायटिस' हा तेव्हा अगदी नवा शब्द. जाणकाराला विचारलं, तर हा केवळ डॉक्टरांच्या बोलण्यातला शब्द आहे असं ठरलं आणि तो गाळला. १९०२ मध्ये राजा सातवा एडवर्ड त्याच दुखण्याने आजारी पडला, राज्याभिषेक पुढे ढकलला गेला आणि तो शब्द घरोघरी पोचला. कोशात बघावं तर नाही!

दहा वर्षांचं काम संपेना. मरेंना १९०८ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. २६ जुलै १९१५ ला ते गेले, तेव्हा 'टी' अक्षर चालू होतं. सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये कोश पूर्ण केला. त्यात चार लाखांवर शब्द होते. तोवर सुरुवातीचे भाग जुने झाले होते, म्हणून पाचच वर्षांनी, १९३३ मध्ये पुरवणी काढावी लागली. 'अपेंडिसायटिस' आणि 'बाँडमेड' या दोघांनाही तिच्यात जागा मिळाली.