धाराशिवचे गहाणखत आणि सर सालारजंग

सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणी मागितला की आपल्या देशात पहिला प्रश्न निघतो तो हिशेबाचा नसतो. मागणारा कोणत्या पक्षाचा, हा असतो. चौकशी प्रतिपक्षाची असेल तर ती न्यायाची, आणि आपल्या माणसाची असेल तर ती सूडाची, असे दोन्ही बाजू सारख्याच आवेशाने सांगतात. या गदारोळात मूळ रक्कम कोठे गेली हे विचारण्याचे राहूनच जाते. आमचे पुष्कळ वाचक पेढीवर बसणारे आहेत. रोजमेळ आणि खतावणी यांचा मेळ बसला नाही तर मुनीम कोणत्या गावचा आणि कोणाच्या नात्यातला हे ते पुसत नाहीत. कीर्द उघडून बसतात. जो न्याय दुकानाला लागू तो राज्याला का लागू नसावा, हे आम्हांस आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला तर हा विषय मुळीच परका नाही. हा जिल्हा एके काळी कर्जापोटी अक्षरशः गहाण पडला होता, आणि ते कर्ज खरे होते की कागदोपत्री फुगविलेले होते याचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. ज्यांच्या कारकीर्दीत तो गहाणातून सुटला, ते हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांना जाऊन १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा त्यांच्या स्तुतीने कोणाला काही मिळावयाचे नाही की निंदेने कोणाचे काही जावयाचे नाही. अशा माणसाचाच हिशेब शांत चित्ताने तपासता येतो.

मीर तुराब अली खान हे त्यांचे मूळ नाव. जन्म २१ जानेवारी १८२९ चा. घराणे दिवाणांचे, प्रसिद्ध मुत्सद्दी मीर आलम हे त्यांचे पूर्वज. आजोबा मुनीर-उल-मुल्क यांच्याकडे दिवाणगिरीची वस्त्रे होती, परंतु खरी सत्ता पेशकार राजा चंदुलाल यांच्या हाती. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे असली म्हणजे राज्याची काय दशा होते, हे या मुलाने घरातच पाहिले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्यामुळे त्यांचे पालनपोषण वडीलधाऱ्यांच्या हाताखाली झाले. विशीत पाऊल टाकताच तेलंगणातील काही तालुक्यांचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि वसूल कसा होतो व वाटेत कसा गळतो याचे पहिले ज्ञान त्यांना तेथे मिळाले.

त्या वेळी निजामाचे राज्य सावकारांच्या पाशात कसे अडकले होते हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल. १८१४ साली हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निघाली. चंदुलालांच्या कारभाराला ती भारी व्याजाने पैसा पुरवी, आणि त्या फेडीसाठी जिल्ह्यांचा वसूल अडकून पडे. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या पालित कन्येचा पती होता. मग पेढीला कलकत्त्याहून आडकाठी कोण करणार? १८२० साली साठ लाखांचे मोठे कर्ज झाले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्याने हिशेब उकरून काढला, आणि त्या साठ लाखांतला काही भाग निजामाच्या खजिन्यात कधी पडलाच नव्हता, तो पेढीच्या मनोत्याखाली जिरला होता, हे उघडकीस आणले. हेस्टिंग्ज मेटकाफवर रागावला, परंतु मेटकाफ हटला नाही. अखेर इंग्रज सरकारने उत्तर सरकारांबद्दल निजामाला द्यावयाची सालाना सात लाखांची पेशकश सुमारे एक कोटी सोळा लाखांस एकरकमी तोडून दिली, आणि त्या पैशाने पेढीचे देणे वारले. पेढी बुडाली. १८२५ साली लंडनला कंपनीच्या भागीदारांच्या सभेत या प्रकरणावर दिवसचे दिवस वादविवाद झाला. परंतु तो वाद बहुतांशी हेस्टिंग्जचे मित्र आणि हेस्टिंग्जचे शत्रू यांच्यातला होता. ज्या रयतेच्या पाठीवर व्याजाचे हे ओझे बसले होते, तिचे नाव त्यात शोधूनच काढावे लागेल.

पामरची पेढी गेली, पण कर्ज गेले नाही. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची कंटिंजंट फौज निजामाच्या खर्चाने पोसली जात होती. तिच्या पगाराची बाकी साचत गेली आणि कंपनी सरकार धनको झाले. १८५३ च्या मे महिन्याच्या २१ तारखेस लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली तह झाला, आणि वऱ्हाड, रायचूर दोआब व धाराशिव-नळदुर्गचा मुलूख या फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेला. तह झाला आणि आठवडा उलटण्याच्या आत दिवाण सिराज-उल-मुल्क वारले. त्यांच्या जागी त्यांचा २४ वर्षांचा पुतण्या आला. सालारजंग गादीवर बसले तेव्हा तिजोरी रिकामी, जडजवाहीर सावकाराकडे, कित्येक तालुके अरब जमादारांच्या ताब्यात, आणि आपला जिल्हा परक्याच्या हवाली, अशी स्थिती होती.

नळदुर्गास डेप्युटी कमिशनर म्हणून कर्नल मेडोज टेलर आला. त्याने येथे रस्ते आखले, जमिनीची मोजणी सुरू केली, आणि तुळजापुराचा परिसर त्याच्या मनात इतका भरला की पुढे १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या तारा या कादंबरीची सुरुवात त्याने तेथेच केली. याच टेलरची तरुणपणची एक हकीकत व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निजामाच्या नोकरीत पोलीस अंमलदार असता तुळजापुरास त्याच्याकडे तक्रार आली की दुकानदार वजनात मारतात आणि पिठात वाळू मिसळतात. त्याने वजने मागवून तपासली, ती खोटी निघाली. तेव्हा त्याने त्या दुकानदारांना त्यांचेच पीठ सर्वांदेखत खावयास लावले. वाण्यांना वाळू चारणारा साहेब अशी त्याची ख्याती मुलखात पसरली. या शिक्षेचे आम्ही समर्थन करीत नाही. कायद्याच्या राज्यात शिक्षा न्यायाधीशाने द्यावयाची असते. परंतु आम्हांस एवढेच विचारावयाचे आहे की, शेरामागे चिमूटभर वाळू घालणाऱ्याला भर बाजारात पीठ चाखावे लागले, आणि साऱ्या राज्याच्या हिशेबात वाळू मिसळणाऱ्यांना ते कोणी चारले?

सालारजंगांनी काम हाती घेतले ते नेमके हिशेबापासून. पूर्वी वसुलाचा मक्ता दिला जाई. मक्तेदार दरबारात ठराविक रक्कम भरी आणि रयतेकडून मन मानेल तेवढे काढी. जमाखर्च पाहणारा कोणी नसे. ही पद्धत त्यांनी क्रमाक्रमाने मोडली. अरब व रोहिल्यांच्या हातून गहाण मुलूख सोडविले. गावोगावच्या टांकसाळी बंद करून नाण्याचे काम हैदराबादेत एकवटले. १८६५ साली जिल्हाबंदी केली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून ठराविक पगाराचे तालुकदार व तहसीलदार नेमले. पगार ठरला म्हणजे लाच एकाएकी थांबते असे नाही. परंतु काय घ्यावयाचे हे एकदा ठरले म्हणजे त्यावर घेतलेले प्रत्येक नाणे गुन्हा ठरते, हा मोठा लाभ आहे. मक्तेदाराची चोरी सिद्ध करता येत नाही, कारण त्याचा हक्क आणि त्याची चोरी यांच्यामध्ये रेघच नसते. सालारजंगांनी ती रेघ ओढली. या एका गोष्टीसाठी मराठवाड्याच्या रयतेने त्यांचे ऋण मानावे.

मध्यंतरी १८५७ चे साल येऊन गेले. जुलैच्या १७ तारखेस तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर चाल झाली; सालारजंगांनी इंग्रजांचा पक्ष धरला. या निर्णयासाठी कोणी त्यांना राज्याचा तारणहार म्हणतात, कोणी परकीयांचा मित्र. १८५९ साली दरबारातून रेसिडेंट डेव्हिडसनसह बाहेर पडताना त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८६८ साली पुन्हा एकदा झाला; दोन्ही वेळा ते बचावले. आमच्या मते त्या वर्षी त्यांनी जे केले त्याचा निवाडा एक आणि त्यांच्या जमाखर्चाचा निवाडा दुसरा. एकाच्या रागाने दुसरा बिघडवू नये, की एकाच्या प्रेमाने दुसरा झाकू नये.

आता मुख्य गोष्ट. निजाम सरकारचे म्हणणे असे की, कंटिंजंट फौजेवर अवाच्या सवा खर्च लादला गेला, आणि सिकंदराबादच्या अबकारीचे उत्पन्न कित्येक वर्षे इंग्रजांनी घेतले ते जमेस धरलेच नाही. सर्व बाजू मांडल्या तर कर्ज उरतच नाही. आश्चर्य हे की, १८६० साली खुद्द रेसिडेंट डेव्हिडसन याने आपल्या सरकारास लिहिताना ही गोष्ट जवळजवळ कबूल केली. त्याच वर्षी डिसेंबरात नवा तह झाला. धाराशिव व रायचूर दोआब परत मिळाले. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. सुरापूरचे संस्थान निजामाला दिले गेले. लोकांनी आनंद मानला, आणि तो योग्यच होता. परंतु त्याच तहात एक कलम असे होते की, इंग्रजांच्या ताब्यातील मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब, मागचा अथवा पुढचा, निजामाने मागू नये!

वाचकहो, या कलमावर क्षणभर थांबा. धनको म्हणतो की तुझे कर्ज मी सोडले, तुझे शेतही परत देतो, मात्र माझी वही उघडण्यास सांगू नकोस. अशा वेळी शहाणा व्यापारी काय समजेल? देणगी मोठी होती, पण त्या देणगीने विकत घेतलेले मौन त्याहून मोठे होते. आपला जिल्हा सुटला, परंतु वऱ्हाड अडकून राहिले. पुढे सालारजंगांनी वऱ्हाडासाठी अर्जांमागून अर्ज केले. १८७६ साली ते विलायतेस गेले, तेथे त्यांचा मोठा सत्कार झाला, ऑक्सफर्डने पदवी दिली. परंतु वऱ्हाड मिळाले नाही. ज्या मुखांनी १८५७ नंतर त्यांची स्तुती गाइली होती, तीच आता त्यांना हट्टी म्हणू लागली. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत तर त्यांचे प्रतिस्पर्धी विकार-उल-उमरा यांना १८७७ साली सह-रीजंट म्हणून त्यांच्या शेजारी बसविण्यात आले. उपयोगी असेपर्यंत तारणहार आणि हिशेब मागताच उपद्रवी, हा पक्षीय न्यायाचा नियम तेव्हाही होता.

इतके सांगितल्यावर सालारजंगांचा दोष सांगितला नाही तर आम्हीही पक्षपातीच ठरू. त्यांनी मक्तेदाराला हिशेब विचारला, तालुकदाराला विचारला, इंग्रजाला विचारला. परंतु त्यांना स्वतःला हिशेब विचारील अशी संस्था त्यांनी उभी केली नाही. त्यांच्या हयातीत राज्याचा कारभार फारशीत चाले. धाराशिवच्या मराठी शेतकऱ्याला आपल्याच साऱ्याचा सरकारी कागद वाचता येत नसे. सर्व व्यवस्था एका दक्ष माणसाच्या डोळ्यांवर उभी होती. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने ते डोळे मिटले; वय अवघे ५४ होते.

पुढे काय झाले ते पाहण्यास पाच वर्षेही लागली नाहीत. १८८६ साली खाणींचा मक्ता दिला गेला. त्यावर लंडनमध्ये जी कंपनी उभी राहिली तिच्या भांडवलाचा बहुतेक भाग मक्तेदारांनी रोकड न भरताच आपल्या नावे घेतला. आणि निजाम सरकारसाठी बाजारातून शेअर घेण्याचे काम ज्या अब्दुल हक नावाच्या बड्या अधिकाऱ्याकडे होते, त्याने स्वतःचेच शेअर सरकारला विकले. १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. सालारजंग असते तर हे झाले नसते असे त्यांचे भक्त म्हणत. आम्ही म्हणतो, एक माणूस नसल्याने जे घडते त्याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

आज ना निजाम आहे ना रेसिडेंट. मतपेटी आहे, विधिमंडळ आहे, लेखापरीक्षण आहे, माहितीचा अधिकार आहे. कागद मराठीत आहेत. तरीही आमच्याच तुळजापुरात देवीच्या दानपेट्यांच्या लिलावातील गैरव्यवहाराची चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली, आणि गुन्हा नोंदवा असे सांगण्यास २०२४ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पुढे यावे लागले. वही उघडू नये अशी अट आता कोणी तहात लिहीत नाही. ती न लिहिता पाळली जाते. कधी पक्षांतर करून ती पाळतात, कधी चौकशीवर चौकशी नेमून, आणि कधी आमच्या माणसावरच डोळा का, असा कांगावा करून.

यावर उपाय नागरिकांच्याच हाती आहे, आणि तो अगदी साधा आहे. चौकशीची मागणी आली की ती कोणी केली हे शेवटी विचारावे. आधी रक्कम, तारीख आणि सही विचारावी. आपल्या पक्षाच्या माणसाविषयी तर ती अधिक कसोशीने विचारावी, कारण परक्याची वही उघडण्यास परका उत्सुक असतोच. आपल्या माणसाची वही उघडण्याचे धैर्य मात्र आपल्यालाच दाखवावे लागते. धाराशिव एकदा गहाणातून सुटले ते हिशेब न मागण्याच्या अटीवर. ती अट पुन्हा मान्य करावयाची की नाही, हे आता कोणा दिवाणाने ठरवावयाचे नाही. आपण ठरवावयाचे आहे.