गजरा शिकवणारे नारायणराव

सकाळची लोकल वाणगावला थांबते आणि लेडीज डब्यात एकच गडबड उडते. बसायला जागा मिळाली की पहिलं काम काय, तर घरून घाईत कशीबशी घातलेली वेणी सोडून पुन्हा नीट घालायची! तेवढ्यात पुठ्ठ्यावर क्लचर, आकडे, रबरबँड टाचून फेरीवाली येते. सगळ्याजणी हात लावून बघतात. पण कंबरेपर्यंत केस असलेली मैत्रीण मात्र पुठ्ठा परत करते. तिच्या केसांत क्लचरचे दात मोडतात, रबराने केस तुटतात आणि आकडा दुपारपर्यंत गळून पडतो. लांब केस हे भाग्याचं लेणं खरं, पण त्यांना साजेल अशी वस्तू मिळणं किती अवघड, हे जिचं तिलाच ठाऊक.

मैत्रिणींनो, केसांना काय शोभतं हे आपल्या आज्या-पणज्यांनी एका पुरुषाकडे बघून शिकून घेतलं होतं, हे सांगितलं तर खरं वाटेल? रोजच्या फोटोत त्यांचे स्वतःचे केस आखूड, वर काळी टोपी. पण रंगमंचावर आले, की अंबाडा आणि गजरा असा काही शोभायचा, की प्रेक्षागृहातल्या बायका गाण्याइतकंच त्यांच्याकडे निरखून पाहायच्या. हे होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच गळा इतका गोड, की त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं, असं सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने नाटकात काम करणं म्हणजे अब्रह्मण्यम्! त्यामुळे बाईची भूमिका पुरुषानेच करायची. त्यासाठी कुणी केस वाढवायचे, कुणी टोप घालायचे. आपल्याकडे विरळ वेणीला गंगावन जोडायची पद्धत होती, तसाच हा प्रकार, फक्त अख्ख्या डोक्याचा!

१२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्यात नारायणराव भामिनी व्हायचे होते. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. घरात एवढं दुःख, पण त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. तोंडाला रंग लावला, दागिने घातले आणि ते श्रीमंत बापाची मानी लेक होऊन उभे राहिले. समोर बसलेल्यांना तो साज दिसला. त्यामागे काय होतं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

या भामिनीची गोष्ट मोठी गमतीची आहे, बरं का. श्रीमंतीच्या तोऱ्यात ती गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते. पुढे साधी वनमाला बनून त्याच्यासमोर जाते आणि स्वतःच त्याच्या प्रेमात पडते. म्हणजे एकाच नाटकात नारायणरावांना भरजरी थाटही करायचा आणि तो उतरवून साधेपणाही शोभवून दाखवायचा.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग काय, खोटं काही चालायचंच नाही! शालू भारीचे, अत्तर अस्सल, पडदेही उंची. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आलं आणि त्यांच्या रुक्मिणीने लोकांना वेड लावलं. बायका घरी येऊन तसं लुगडं नेसून बघू लागल्या, तसाच गजरा माळू लागल्या. त्यांच्या छबीचा उपयोग जाहिरातींतसुद्धा झाला. बायकांच्या नटण्याची फॅशन एक पुरुष ठरवत होता!

पण या हौसेची किंमतही त्यांनी मोजली. मंडळी कर्जात बुडाली आणि ते फेडण्यात उमेदीची वर्षं गेली. तरी ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी.

मला मात्र त्यांच्या सगळ्या भूमिकांत ‘एकच प्याला’मधली सिंधू मोठी वाटते. साल १९१९. नवरा दारूच्या आहारी गेलेला, घरात दळण दळून पोट भरायची पाळी. अंगावर जुनेर, ना दागिना, ना फूल. शालू-गजऱ्यासाठी ज्यांचं नाव झालं, ते या फाटक्या वेषात आले आणि लोक ढसाढसा रडले. सिंधूला शालू नेसवला असता तर ती सिंधू राहिलीच नसती. कुणाला काय शोभतं, याची त्यांना केवढी जाण होती, ते इथे कळतं.

पुढे काळ बदलला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ आलं आणि चांगल्या घरच्या मुली रंगमंचावर येऊ लागल्या. १९३५ मध्ये नारायणराव ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ झाले, पण सिनेमात त्यांचं मन रमलं नाही. म्हातारपणी पाय गेले, पैसा नव्हता. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ ला ते गेले. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला उघडलं.

त्यांचं आयुष्य वाचताना वाटतं, आपण दुसरीच्या केसांवर शोभणारी वस्तू बघून घेतो आणि इथेच फसतो. ते आधी भूमिका बघायचे, मग साज. आपण आधी आपले केस बघावेत. केस दाट असतील तर लांब दातांचा मोठा क्लचर किंवा लाकडी काडी घ्यावी. केस पातळ असतील तर जड काहीच नको, मऊ कापड गुंडाळलेलं रबर पुरे. आकड्याची टोकं गुळगुळीत हवीत, बोटाने तपासूनच पैसे द्यावेत. कंगवा रुंद दातांचा घ्यावा आणि गुंता खालच्या टोकापासून सोडवत वर जावं. ओल्या केसांचा अंबाडा बांधू नये, मग गाडी चुकली तरी चालेल! आणि गजरा माळायचा तर केस आवळून नको, सैल अंबाड्याभोवती गुंडाळून दोन आकडे लावले की झालं.

उद्या फेरीवाली आली की पुठ्ठा लगेच परत करू नका. आपल्या वेणीचं वजन हातात घेऊन बघा आणि मग निवडा. आणि काहीच नाही पटलं, तर स्टेशनबाहेर दिसलेला मोगऱ्याचा गजरा आहेच की!