डॉ. सुभाष मुखोपाध्याय

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एक कन्या जन्मास आली. मातेच्या देहाबाहेर गर्भ तयार करून जन्मलेले भारतातील पहिले बालक म्हणून तिचे सर्वत्र कौतुक झाले. परंतु असे एक बालक आठ वर्षांपूर्वीच कलकत्त्यास जन्मले होते. ते ज्यांच्या प्रयत्नाने जन्मले, ते डॉ. सुभाष मुखोपाध्याय मात्र तोवर उपेक्षित अवस्थेत निवर्तले होते.

सुभाषबाबूंचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. कलकत्त्यास वैद्यकाचे शिक्षण पुरे करून त्यांनी संशोधनास वाहून घेतले. १९५८ साली कलकत्ता विद्यापीठाची आणि १९६७ साली एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. पुढे स्वदेशी परतून ते अध्यापन व संशोधन करू लागले.

मातेचे स्त्रीबीज व पित्याचे पुरुषबीज यांच्या संयोगातून गर्भ तयार होतो. हा संयोग मातेच्या उदरातील एका बारीक नलिकेत घडतो. दोन्ही बाजूंच्या नलिका बंद असल्या, तर ते दांपत्य अपत्यसुखास मुकते. सुभाषबाबूंनी यावर उपाय योजिला. औषधे देऊन त्यांनी एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे परिपक्व करविली. ती बाहेर काढून काचेच्या पात्रात त्यांचा पुरुषबीजांशी संयोग घडविला. तयार झालेले सूक्ष्म गर्भ गोठवून जपून ठेवले आणि मातेचे शरीर अनुकूल होताच तिच्या गर्भाशयात सोडले. सुनीत मुखर्जी व डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे या कार्यातील सहकारी होते.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी या प्रयत्नास यश आले. जन्मलेली बालिका ‘दुर्गा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अशा रीतीने जन्मलेले जगातील पहिले बालक इंग्लंडात २५ जुलै १९७८ रोजी जन्मले होते. त्यास जेमतेम सव्वादोन महिने झाले होते.

परंतु या यशाने सुभाषबाबूंना सन्मान मिळाला नाही. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. जपानमध्ये जाऊन आपले संशोधन मांडण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. पुढे तर त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. आपले काम सिद्ध करण्याची वाटच खुंटली. मन खचलेल्या स्थितीत १९ जून १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

मुंबईतील यशाच्या शिल्पकारांपैकी एक होते डॉ. टी. सी. आनंदकुमार. पुढे सुभाषबाबूंची टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली, तेव्हा सुभाषबाबूंचा दावा खरा असल्याची त्यांची खात्री पटली. पहिलेपणाचा मान आपल्याकडेच राखणे त्यांना सहज शक्य होते. तरीही १९९७ साली त्यांनी तो मान सुभाषबाबूंचा असल्याचे जाहीरपणे मांडले.

गर्भ गोठवून नंतर गर्भाशयात सोडण्याची ही रीत आज जगभर रूढ आहे. तिने असंख्य घरांत पाळणे हलले. सुभाषबाबूंना न्याय मिळाला, पण तो पाहावयास ते उरले नव्हते. नवे काही सांगणाऱ्याचे म्हणणे आधी नीट तपासावे आणि मगच निर्णय द्यावा, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.