कहाथ : एकाच आजोबांचे नातू

हजरत मूसा (अलै.) यांचे नाव प्रत्येक मुस्लिम घरात आदराने घेतले जाते; त्यांचे आजोबा कहाथ मात्र बहुतेकांना अपरिचित आहेत. कहाथ हे लावी यांचे पुत्र आणि हजरत याकूब (अलै.) यांचे नातू. तौरातमधील वंशावळीनुसार कनआन सोडून मिसरला गेलेल्या कुटुंबात त्यांचा समावेश होता आणि त्यांना १३३ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांच्या चार पुत्रांपैकी इमरान यांच्या घरी हजरत हारून (अलै.) व हजरत मूसा (अलै.) जन्मले, तर इसहारच्या घरी कारून. बनी इस्राईलच्या प्रवासात पवित्र वस्तू खांद्यावर वाहण्याचा मानही कहाथच्या वंशजांकडेच होता.

मात्र हा मान कारूनच्या कामी आला नाही. कुरआननुसार त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या बलवान माणसांच्या जमावालाही जड जात. ही संपत्ती आपल्याच ज्ञानाची कमाई आहे, असे तो समजत असे. अखेर अल्लाहने त्याला घरासह जमिनीत गाडले.

आजोबा एक, रक्तही एक. तरी एका नातवाला अल्लाहशी संभाषणाचा मान लाभला आणि दुसरा इब्रतीचा विषय ठरला. म्हणून मुलांना खानदानाची थोरवी सांगताना तकव्याचा वारसाही द्यावा.