टायटॅनिकचा निरोप्या

पुढे अपघात झालाय, ही खबर एक गाडी मागच्या गाडीला देते, ती तिच्या मागचीला. मध्ये टॉवर नसला तरी चालतं. हे आपल्याला एकदम नवं वाटतं, पण चालत्या वाहनांनी एकमेकांचे निरोप बिनतारी पुढे ढकलण्याचा हा उद्योग शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अटलांटिकवर जोरात चालू होता. जॅक फिलिप्स हा त्यातला पक्का गडी.

इंग्लंडमधल्या गोडाल्मिंगजवळच्या फार्नकोमला ११ एप्रिल १८८७ रोजी तो जन्मला. पोस्टात तारेचं काम शिकला आणि १९०६ मध्ये मार्कोनी कंपनीत लागला. मग बोटी, आयर्लंडमधलं क्लिफ्डेन केंद्र, पुन्हा बोटी. टायटॅनिकवर तो मुख्य ऑपरेटर होता, हाताखाली हॅरल्ड ब्राइड. बोट निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला पंचवीस पूर्ण झाली.

१३ एप्रिलच्या रात्री यंत्र बिघडलं. दोघांनी तासन्‌तास खपून ते दुरुस्त केलं. (केलं नसतं तर? विचारच नको.) पण तोवर प्रवाशांच्या तारांचा ढीग साचला होता. कंपनीची कमाई त्याच तारांवर.

१४ तारखेला दुपारी ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन बोटीचा निरोप आला. वाटेत दोन मोठे हिमनग दिसलेत, ही खबर वॉशिंग्टनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाला पोहोचवायची होती. तिचा आवाज किनाऱ्यापर्यंत जाईना, टायटॅनिकचं यंत्र मात्र दमदार. फिलिप्सने निरोप ठेवून घेतला आणि संध्याकाळी न्यूफाउंडलंडचं केप रेस केंद्र टप्प्यात आल्यावर पुढे धाडला. काम चोख! फक्त तो निरोप टायटॅनिकच्या स्वतःच्या ब्रिजवर गेला नाही. पत्ता वॉशिंग्टनचा होता ना! हिमनग होते ते मात्र टायटॅनिकच्याच वाटेवर.

रात्री अकराच्या सुमारास ‘कॅलिफोर्नियन’च्या ऑपरेटरने, आम्ही बर्फात अडकून थांबलोय, असं कळवलं. कॅप्टनसाठीच्या निरोपाला पुढे ‘एमएसजी’ लावायची पद्धत होती, ती त्याने पाळली नाही. शिवाय तो इतका जवळ होता की त्याचा सिग्नल फिलिप्सच्या कानात धाडकन घुसला आणि केप रेसचं काम तुटलं. फिलिप्सने त्याला झटकून गप्प केलं. थोड्या वेळाने तो यंत्र बंद करून झोपायला गेला. ११.४० ला धडक बसली.

फिलिप्सला दोष देणं सोपं आहे. पण कुठला निरोप आधी, कुठला नंतर, हे ठरवणं त्याला तेव्हा सोपं नव्हतं. आजच्या वाहन-नेटवर्कमध्ये धोक्याच्या सूचनेला गाणी-गप्पांच्या आधी वाट मिळते. तेव्हा सगळं एकाच हवेत, एकाच थकलेल्या माणसाच्या कानात.

मग त्याने मदतीची हाक सुरू केली. आधी जुना ‘सीक्यूडी’ संकेत, नंतर ब्राइडच्या सांगण्यावरून नवा ‘एसओएस’. सुमारे ५८ सागरी मैलांवरच्या ‘कार्पेथिया’चा ऑपरेटर झोपायच्या तयारीत होता. जाता जाता, केप कॉडकडे तुमच्यासाठी तारा पडून आहेत, एवढंच सांगायला त्याने टायटॅनिकला हाक मारली. उत्तरात हा आकांत! कार्पेथिया वळली, आणि पहाटे सातशेहून अधिक जीव वाचले.

कॅप्टनने मोकळं केल्यावरही फिलिप्स यंत्रावरून उठला नाही. वीज मंदावत होती, तरी बोट बुडण्याच्या काही मिनिटं आधीपर्यंत त्याचे संकेत ऐकू येत होते. ब्राइड वाचला. फिलिप्सचा मृतदेह मिळाला नाही. १९१४ मध्ये गोडाल्मिंगला नदीकाठी त्याचं स्मारक उभं राहिलं.