आजारपणातील संकल्प : सुलतान कलावून आणि त्याचा शिफाखाना

अंथरुणाला खिळलेला माणूस अल्लाहपुढे पुष्कळ संकल्प करतो आणि प्रकृती सुधारली की ते विसरून जातो. आज आपण अशा एका सुलतानाचे चरित्र पाहू, जो आपला संकल्प विसरला नाही.

सैफुद्दीन कलावून हा किपचाक तुर्क. गुलाम म्हणून तो विकला गेला. त्याची किंमत एक हजार दीनार पडली, म्हणून लोक त्याला ‘अल्फी’, म्हणजे हजाराचा, म्हणत. पराक्रमाच्या बळावर तो अमीर झाला. इ.स. १२७६ च्या सुमारास मोहिमेवर असताना दमिश्कमध्ये त्याला पोटशूळाने ग्रासले. सुलतान नूरुद्दीन जंगी यांनी शतकापूर्वी तेथे उभारलेल्या शिफाखान्यातून वैद्यांनी औषधे आणली आणि तो बरा झाला. तो स्वतः शिफाखाना पाहण्यास गेला आणि अल्लाहने आपल्याला राज्य दिले, तर असाच शिफाखाना बांधण्याचा त्याने संकल्प केला.

इ.स. १२७९ मध्ये तो सुलतान झाला. इ.स. १२८४ मध्ये कैरोत एका जुन्या फातिमी राजवाड्याच्या जागी त्याने बांधकाम आरंभले. त्या इमारतीची रचना ध्यानात घ्या. मध्यभागी मोकळा चौक आणि चौकाच्या चारही बाजूंना, चौकाकडे तोंड उघडे असलेली चार उंच दालने. त्यांत तापाचे रुग्ण असत. नेत्ररोगी, जखमी व अतिसाराचे रुग्ण यांच्यासाठी स्वतंत्र जागा, स्त्रियांसाठी वेगळा विभाग, वाहते पाणी, स्वयंपाकघर, औषधशाळा, आणि प्रमुख वैद्याने विद्यार्थ्यांना शिकवावे यासाठीही एक जागा. हा सारा खर्च कायम चालावा म्हणून त्याने मिळकती वक्फ केल्या. राजा असो वा गुलाम, स्त्री असो वा पुरुष, कोणालाही दार बंद नव्हते. बऱ्या झालेल्याला निरोप देताना वस्त्र मिळे. मरण पावलेल्याला कफन. एकेकाळी स्वतः विकल्या गेलेल्या माणसाने गुलामालाही रुग्ण म्हणून समान स्थान दिले, हे विसरू नका.

परंतु सत्य लपवणे हा आपला धर्म नव्हे. बांधकाम लवकर व्हावे म्हणून कारागिरांना वेठीस धरले गेले. रस्त्याने जाणाऱ्यांनाही दगड वाहावे लागले. त्यामुळे याच इमारतसमूहातील मदरशात नमाज पढण्यास काही धर्मपंडितांनी संकोच दाखविला. कोट्यवधींच्या पुण्यकार्यातही मजुराच्या घामाचा हिशेब वेगळा राहतो, हे त्यांनी सुलतानाच्या वैभवासमोरही जाणले.

इ.स. १२९० मध्ये कलावून मरण पावला आणि शिफाखान्यालगतच्या मकबऱ्यात दफन झाला. रुग्णांची सेवा मात्र त्याच्या पश्चात शतकानुशतके चालू राहिली.

वाचकहो, आपल्या वस्तीत दवाखाना काढा, रुग्णाला औषध द्या, आजारपणात दिलेला शब्द पाळा. मात्र त्या भिंतीसाठी विटा वाहणाऱ्याची मजुरी आधी चुकती करा. अल्लाह आपणा सर्वांना तौफीक देवो. आमीन.