जिन्यात थबकलेला माणूस

सर जोसेफ बँक्स हे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. लंडनच्या सोहो स्क्वेअरमधल्या त्यांच्या घरी रविवारी संध्याकाळी विद्वानांचा मेळा जमत असे. दिवाणखान्याचं दार लोटलेलं असे, आतून बोलण्याहसण्याचा आवाज येई, आणि जिना संपतो तिथे, त्या दाराबाहेर, विटक्या जांभळ्या कोटातला एक वयस्क गृहस्थ उभा असे. दार ढकलून आत जाण्याचा धीर त्याला होत नसे. बराच वेळ तो तसाच उभा राही. मागून जिन्यावर कुणाची पावलं वाजली की मात्र त्याचा नाइलाज होई. कारण आत जाण्यापेक्षा तिथं उभं असलेलं दिसणं अधिक अवघड. मग तो आत शिरे.

हा गृहस्थ म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश. हायड्रोजन हा एक स्वतंत्र वायू आहे हे ज्यानं १७६६ साली दाखवून दिलं, पाणी हे मूलतत्त्व नसून दोन वायूंच्या संयोगातून ते तयार होतं हे ज्याच्या प्रयोगांतून निघालं आणि पृथ्वीची घनता ज्यानं घरात बसून मोजली, तो हा माणूस. केंब्रिजची जगप्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ साली सुरू झाली ती त्याच्या घराण्यातल्याच एका ड्यूकच्या देणगीतून. शाळेत आपण सर्वांनी त्याचं नाव वाचलेलं असतं. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याच्याविषयी चार ओळी असतात आणि पाचवी ओळ त्याच्या विक्षिप्तपणाची असते. मला आज बोलायचं आहे ते त्या पाचव्या ओळीबद्दल.

त्याचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस इथे झाला. आजोबा डेव्हनशायरचे ड्यूक, आईचे वडील केंटचे ड्यूक. तो दोन वर्षांचा असतानाच आई गेली. हॅकनीच्या शाळेत शिक्षण झालं, मग केंब्रिजला पीटरहाउस कॉलेजात तो तीन-चार वर्षं राहिला आणि १७५३ मध्ये पदवी न घेताच परतला. वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश स्वतः उत्तम प्रयोगकर्ते होते. तापमापकांवरच्या कामासाठी त्यांना १७५७ साली रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं होतं. या वडिलांनी मुलाला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे घरातली उपकरणं. दुसरी त्याहून मोठी. १७५८ पासून ते मुलाला आपल्यासोबत सोसायटीच्या सभांना आणि सभासदांच्या भोजनाला नेऊ लागले. चार लोकांत मिसळत जा, असा उपदेश करून मोकळे न होता त्या चार लोकांत ते स्वतः त्याच्या शेजारी बसले. १७६० मध्ये हेन्री स्वतःच सभासद झाला. पुढे १७८३ मध्ये वडील वारले, तोवर पन्नाशी ओलांडलेला हा अविवाहित मुलगा त्यांच्याच घरी राहत होता.

त्याच्या वागण्याच्या कथा पुष्कळ. १८५१ साली जॉर्ज विल्सन यांनी त्याचं चरित्र लिहिलं, तेव्हा त्याला पाहिलेली काही माणसं हयात होती. त्यांच्याकडून त्यांनी या कथा गोळा केल्या. रोजच्या जेवणात काय हवं ते तो चिठ्ठीवर लिहून दिवाणखान्याबाहेरच्या टेबलावर ठेवी. तोंडानं सांगत नसे. मोलकरणींना दृष्टीस न पडण्याची ताकीद होती. एकदा जिन्यात एक मोलकरीण समोर आली, तर त्यानं घराला मागून दुसरा जिना बांधून घेतला. पाहुणे यायचे असले तरी बेत ठरलेला, मेंढ्याची एक तंगडी. पाच जणांना ती पुरायची नाही, असं सांगितल्यावर त्याचं उत्तर होतं की मग दोन आणाव्यात. बँक्स यांच्याच घरी एकदा एका ऑस्ट्रियन पाहुण्याशी त्याची ओळख करून दिली गेली आणि पाहुण्यानं तोंडावर स्तुती सुरू केली. कॅव्हेंडिश मान खाली घालून निमूट ऐकत राहिला. गर्दीत जरा फट दिसताच तिथून निसटला, थेट गाडीत बसला आणि घरी गेला.

एक कथा माझ्या धंद्यातली आहे, म्हणून मला ती विशेष आवडते. वडिलांकडून आणि आत्याकडून मिळालेल्या संपत्तीमुळे उतारवयात तो इंग्लंडमधल्या मोठ्या धनिकांपैकी एक झाला होता. त्याच्या खात्यात ८०,००० पौंड नुसते पडून असल्याचं पाहून पेढीचा एक भागीदार काळजीपोटी त्याच्या घरी गेला. तर हा अस्वस्थ. रकमेचा त्रास होत असेल तर काढून घेतो, असं म्हणू लागला. अखेर निम्मी रक्कम गुंतवायला सांगितली आणि पुन्हा याकरिता आलात तर सगळेच पैसे काढून घेईन, असंही बजावलं. मार्च महिन्यात ठेवींसाठी दारोदार फिरलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट ऐकून हसू येतं. मग लक्षात येतं की त्याला भीती पैशांची नव्हती. न सांगता दारात उभ्या राहिलेल्या माणसाची होती.

अशा माणसांसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. बुजरा, मुखदुर्बळ, भिडस्त, एककल्ली, आणि सर्वांत कडू म्हणजे माणूसघाणा. विल्सन यांचा निष्कर्षही या शेवटच्या शब्दाच्या जवळ जाणारा होता. या माणसाला प्रेम नाही, द्वेष नाही, आशा नाही, भीतीही नाही, बुद्धी तेवढी आहे, असं त्यांना वाटलं. पुढे दीडशे वर्षांनी, २००१ साली, मेंदुविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी न्यूरॉलॉजी या नियतकालिकात वेगळा विचार मांडला. कॅव्हेंडिशच्या वागण्यात अॅस्पर्गर प्रकारच्या स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणं स्पष्ट दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मेलेल्या माणसाची तपासणी होऊ शकत नाही, त्यामुळे हा शेवटी तर्कच. शिवाय अॅस्पर्गर हे वेगळं नावही आता राहिलेलं नाही. २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ते ऑटिझमच्या विस्तृत पट्ट्यातच सामावलं आहे. तरीही हा तर्क उपयोगी आहे. एरवी ज्या गोष्टींना आपण फक्त हसतो, त्या एका ओळीत मांडता येतात.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. स्वमग्नता ही जन्मजात घडण आहे. समोरच्याचा चेहरा, स्वर, अर्धवट सोडलेलं वाक्य यांतून इतरांना जे आपोआप कळतं, ते अशा व्यक्तीला विचार करून जुळवावं लागतं. आवाज, गर्दी, नजरेला नजर यांचा भार होतो. माणसांत जाण्याची भीती ही वेगळी गोष्ट. ती मागाहून येते, अनुभवातून येते. दहादा काहीतरी चुकीचं बोललं जातं, दहादा लोक हसतात, आणि अकराव्यांदा पाय दारातच अडखळतो. स्वमग्न प्रौढांमध्ये चिंतेचे विकार इतरांपेक्षा बरेच अधिक आढळतात, हे आता मान्य झालेलं आहे. तेव्हा ही भीती निव्वळ मनाचे खेळ नसते. तिच्या मागे बऱ्याचदा खराखुरा हिशेब असतो. आणि भीती असणं म्हणजे इच्छा नसणं नव्हे. स्वमग्न हा आपला मराठी शब्दच मला इथे अपुरा वाटतो. जिन्यात उभा असलेला कॅव्हेंडिश स्वतःत मग्न नव्हता. त्याचं सगळं लक्ष दारापलीकडच्या माणसांकडे होतं.

कारण तो येत होता. या कथा सांगणारे नेमकं हेच विसरतात. रॉयल सोसायटीच्या सभासदांचं भोजन दर गुरुवारी असे, आणि जवळजवळ पन्नास वर्षं कॅव्हेंडिश तिथे नेमानं जेवला. टोपी ठरलेल्या खुंटीवर, हातातली काठी ठरलेल्या बुटात. सोसायटीच्या कार्यकारिणीवर त्यानं काम केलं, १७७३ पासून तो ब्रिटिश म्युझियमचा विश्वस्त होता, आणि सत्तरीच्या घरात असताना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या कारभारातही होता. चार्ल्स ब्लॅग्डेन या सहकाऱ्याबरोबर गाडीतून शेकडो मैल हिंडून त्यानं कारखाने आणि खाणी पाहिल्या. १७८५ मध्ये बर्मिंगहॅमला जेम्स वॉटची भेट घेतली. तरुण हम्फ्री डेव्हीला प्रयोगासाठी प्लॅटिनमचे तुकडे दिले. माणूसघाणा माणूस हे कशाला करील? जिथे वार ठरलेला, विषय ठरलेला आणि खुंटी ठरलेली, तिथे तो वावरू शकत होता.

आणि तिथल्या माणसांनीही त्याला सांभाळून घेण्याची रीत शोधली होती. वुलस्टन या शास्त्रज्ञाचा सल्ला होता की कॅव्हेंडिशकडे बघून बोलू नये. शेजारी उभं राहून जणू हवेशी बोलावं, म्हणजे कदाचित तो बोलू लागेल. तो बोलू लागला की ऐकण्यासारखं बोले. बँक्स यांच्या घरी तो अंग चोरून या खोलीतून त्या खोलीत जाई, कुणी पाहिलं की त्रासून बारीक चीत्कार करी, आणि तरीही कुठे काही चांगलं चाललं असेल तर हळूच जवळ येऊन ऐके.

स्वतःसाठीही त्यानं नियम करून घेतले होते. वर्गणीची यादी पुढे आली की सर्वांत मोठा आकडा कुणाचा ते पाहायचं आणि तेवढीच रक्कम द्यायची. किती द्यावं, लोक काय म्हणतील, हा प्रश्नच मिटला. त्याचा ग्रंथसंग्रह अभ्यासकांना खुला होता, पण तो राहत्या घरापासून दूर ठेवलेला. स्वतःचंच पुस्तक नेताना तो इतरांसारखी पावती लिहून देई. हे वेड नव्हे. ज्याला प्रत्येक भेटीत नव्यानं अंदाज बांधावा लागतो, तो शक्य तिथे अंदाजाची गरजच काढून टाकतो.

माझ्या नोकरीच्या काळात एका शाखेत असा एक सहकारी होता. पुस्तकं जुळेनात की सगळे त्याच्याकडे जात. काही पैशांचा फरक तो शेकडो नोंदींतून शोधून काढी. डबा मात्र रेकॉर्ड रूममध्ये एकटा खाई. बढतीची मुलाखत त्यानं दोनदा नाकारली, कारण पुढचं पद म्हणजे काउंटरच्या पलीकडची माणसं. लोक त्याला शिष्ट म्हणत. आमच्या एका शाखाधिकाऱ्यांनी त्याचं टेबल लेजरच्या कपाटाआड हलवलं आणि कामं चिठ्ठीनं पाठवायला सुरुवात केली. उपदेश नाही, चेष्टा नाही. वर्षभरात तो स्वतःहून चहाला येऊ लागला. कोपऱ्यात उभा राही, बोलत नसे, पण येई. त्याला मी कोणतंही वैद्यकीय नाव देणार नाही. पण कॅव्हेंडिश वाचताना तो आठवतो खरा.

कॅव्हेंडिशचा सर्वांत थोर प्रयोग १७९७-९८ मधला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीचा. उपकरणाची कल्पना जॉन मिचेल यांची. ते वारल्यावर ते कॅव्हेंडिशकडे आलं. सहा फुटी आडव्या दांडीच्या टोकांना शिशाचे दोन लहान गोळे, दांडी एका बारीक तारेवर टांगलेली. जवळ प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे. मोठ्यांच्या ओढीनं लहान गोळे किंचित सरकतात, ते किती हे मोजायचं. ही ओढ इतकी अल्प की खोलीत माणूस शिरला तरी त्याच्या अंगच्या उष्णतेनं हवा हलावी आणि माप बिघडावं. म्हणून त्यानं क्लॅपहॅमच्या आपल्या आवारातली ती खोली बंद केली, गोळे बाहेरून दोऱ्यांनी हलवले आणि भिंतीतल्या भोकांतून दुर्बिणीनं वाचन घेतलं. पृथ्वीची घनता त्यानं पाण्याच्या ५.४८ पट काढली. आजचा आकडा ५.५१ आहे. नुसत्या जवळिकीनंही तोल ढळतो, हे त्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

या स्वभावाची किंमतही मोठी होती. त्यानं हयातीत वीसही निबंध छापले नाहीत. विजेवरचं बहुतेक काम कागदांत पडून राहिलं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ते १८७९ साली प्रसिद्ध केलं, तेव्हा जगाला कळलं की पुढे कुलाँ आणि ओहम यांच्या नावानं गाजलेल्या नियमांपर्यंत हा माणूस आधीच पोचला होता. १७८५ मध्ये हवेतून नायट्रोजन आणि ऑक्सिजन काढून टाकल्यावर एक बारीकसा बुडबुडा उरतो, एकशेवीसाव्या भागाहून अधिक नाही, हे मात्र त्यानं छापलं होतं. त्या बुडबुड्याचा अर्थ १८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांना लागला. तो वायू ऑरगॉन. छापणं म्हणजेही शेवटी दार ढकलून आत जाणंच. हे कागद वेळीच बाहेर आले असते, तर विजेच्या शास्त्राची किती वर्षं वाचली असती कोण जाणे.

२४ फेब्रुवारी १८१० रोजी तो क्लॅपहॅमला गेला. शेवटच्या तासांत त्यानं नोकराला खोलीबाहेर थांबायला सांगितलं होतं. दहा लाख पौंडांच्या आसपासची संपत्ती मुख्यतः एका नातलगाकडे गेली. पण मृत्युपत्रात ब्लॅग्डेनच्या नावे १५,००० पौंड होते. दोघांचं निकटचं सहकार्य संपून तेव्हा वीस वर्षं उलटली होती. ज्याला प्रेम नाही म्हणून चरित्रकारानं निकाल दिला, त्या माणसानं सोबत प्रवास केलेल्या एका सहकाऱ्याची इतकी वर्षं आठवण ठेवली होती.

प्रत्येक मोठ्या कुटुंबात, प्रत्येक कचेरीत असा एखादा कॅव्हेंडिश असतो, प्रतिभा नसलेलाही. लग्नाच्या मांडवात तो चपलांपाशी उभा असतो, फोन वाजला की दुसऱ्याकडे पाहतो. त्याला हात धरून ओढू नये आणि आला नाही तरी चालेल असंही म्हणू नये. आपण कधी जमणार, कोण असणार, किती वेळ चालणार, हे आधी सांगावं. एक खुंटी त्याच्यासाठी मोकळी ठेवावी, आणि तो आला की त्याच्याकडे न बघता आपलं बोलणं चालू ठेवावं. लंडनच्या काही सुज्ञ माणसांनी अडीचशे वर्षांपूर्वी एवढंच केलं होतं, आणि त्यांच्यात तो माणूस पन्नास वर्षं येत राहिला.